बलेनो आणि ग्लान्झा एकच गाडी? लोगोमागचा खरा मालक कोण?

रत्नागिरीत मारुती मंदिर सर्कलला थोडा वेळ उभे राहा. एखादी बलेनो जाईल, मागून ग्लान्झा येईल. एकीवर सुझुकीचा लोगो, दुसरीवर टोयोटाचा. पण दोन्ही बनवते मारुती सुझुकीच!

असं का? नवीन गाडी विकसित करायला प्रचंड पैसा लागतो. म्हणून कंपन्या खर्च वाटून घेतात. २०१९ मध्ये टोयोटाने सुझुकीत सुमारे ५ टक्के हिस्सा घ्यायचं ठरवलं. ग्लान्झा आली तीही त्याच वर्षी.

आपल्या महाराष्ट्रातही हेच चित्र आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात टाटाच्या गाड्या आणि जीप एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. तिथे टाटा आणि फियाट यांची निम्मी-निम्मी भागीदारी झाली. फियाट आता स्टेलांटिस समूहात आहे.

पण मालकाने गाशा गुंडाळला तर? तळेगाव बघा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, २०२० अखेर तळेगावचं उत्पादनही. चीनच्या ग्रेट वॉलसोबतचा सौदा २०२२ मध्ये बारगळला. कामगार नोकरीसाठी कोर्टात लढत राहिले. जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्प ह्युंदाईकडे गेला. कारखान्याला नवा मालक मिळाला, पण जुन्या कामगारांचं काय, हा प्रश्न उरलाच.

मग गाडी घेताना काय बघायचं? एकाच गाडीचे दोन लोगो असतील तर किंमत, वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर यांची तुलना करा. सर्व्हिसिंग रत्नागिरीतच होईल की दरवेळी कोल्हापूर गाठावं लागेल, हेही आधीच विचारा.