मोहल्ल्याची घाण आणि आपली बादली

रमजानमध्ये आमच्या मशिदीत रोज सामूहिक इफ्तार होतो. मगरिबच्या नमाजनंतर आम्ही मुले दस्तरखान गोळा करायचो, टरबुजाच्या आणि केळीच्या साली पोत्यात भरायचो आणि पोते मागच्या नालीच्या काठावर टाकून यायचो. खिदमत केल्याचे समाधानही वाटायचे. एके दिवशी नालीलगत राहणारी एक खाला दारात उभी होती. तिचा नातू जुलाबाने दवाखान्यात होता. ती म्हणाली, "बेटा, सवाब तुम्ही घेऊन जाता, माशा आमच्याकडे ठेवून जाता."

मला उत्तर देता आले नाही.

तरुण मित्रांनो, आपल्या वस्त्यांबद्दल काय बोलले जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. "त्यांच्या मोहल्ल्यात घाणच असते," हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावातही ऐकू येते. राग येतो, आणि तो रास्त आहे. कचरागाडी मोठ्या रस्त्यावरून निघून जाते, गल्लीत शिरत नाही. हा आपल्या हक्काचा प्रश्न आहे. त्यासाठी निवेदने दिली पाहिजेत, निवडून दिलेल्या माणसाला जाब विचारला पाहिजे. पण नालीकाठची ती साल मी टाकली होती, हेही तितकेच खरे आहे.

यावरचा उपाय शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून देशभर ओळखली जाते. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके. आत पऱ्हाटी, पालापाचोळा, त्यावर शेणाचे पाणी, त्यावर माती, असे थर द्यायचे आणि वरून लिंपून टाकायचे. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. यात शेण फारच थोडे लागते. ज्याच्या गोठ्यात एखादेच जनावर आहे, त्यालाही हे जमते.

हे वाचून मी उत्साहाने घरी बादली मांडली आणि सपशेल फसलो. स्वयंपाकघरातले सगळे ओले त्यात टाकले आणि झाकण घट्ट लावले. आठव्या दिवशी वास, दहाव्या दिवशी अळ्या. अम्मी म्हणाली, "घरात घाण साठवून कोणाचं भलं झालंय?" बादली बाहेर गेली. टाक्याच्या भिंतींना भोके का असतात, हे मला तेव्हा कळले. कचरा कुजवणाऱ्या जीवाणूंना हवा लागते. हवा नसली की कचरा सडतो आणि वास सुटतो.

दुसऱ्यांदा जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडली. खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला. त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली बारीक करून, धुतलेली चहापत्ती. ओला कचरा एक वाटी, तर सुका पाला दोन वाट्या, एवढेच गणित. सुरुवातीला मूठभर माती आणि थोडे आंबट ताक. आठवड्यातून दोनदा ढवळायचे. मूठ दाबली तर ओल जाणवावी, पण पाणी गळू नये. वास आला तर पाला वाढवा. कोरडे पडले तर पाणी शिंपडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बादली सावलीतच हवी. हाडे, मांस, तेलकट रस्सा यात टाकू नका. दोन-अडीच महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीचा वास असलेले खत मिळाले. आज त्यावर अम्मीचा कढीपत्ता आणि मोगरा वाढतो आहे. आता बादली तीच सांभाळते.

मोबाइलवर केळीच्या सालीच्या पाण्याचे चमत्कार दिसतात. त्या पाण्यात पोषण थोडेच उतरते, चिलटे मात्र भरपूर येतात. साल सरळ खतात जाऊ द्या. अंड्याची टरफले कुटून घाला, अख्खी राहिली तर वर्षभर तशीच दिसतील.

काही मित्र म्हणतात, कर आपण भरायचा आणि कचराही आपणच जिरवायचा, मग नगरपालिका कशाला? प्रश्न योग्य आहे. पण घनकचरा नियमांनुसार ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे ही घराचीच जबाबदारी आहे. आपण तेवढे केले, तर गाडी का येत नाही हे विचारताना आपला आवाज अधिक ठाम होईल. आणि आणखी एक माणूस आहे, ज्याचा आपण विचारच करत नाही. आपला मिसळलेला, सडलेला कचरा कोणीतरी हाताने निवडतो. तो सफाई कामगारही कोणाचा तरी अब्बा आहे. ओले घरीच जिरले, तर त्याच्या वाट्याला कोरडा, स्वच्छ कचरा येतो.

झाड लावणे हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इस्राफ वाईट, हेही ऐकतो. या दोन गोष्टी बादलीत एकत्र येतात. फक्त हे काम पुन्हा अम्मी आणि बहिणींच्या डोक्यावर टाकू नका. पाला गोळा करणे, ढवळणे, बादली उचलणे हे मुलांचे काम समजा.

आमच्या मशिदीच्या अंगणात आता विटांचे छोटे टाके आहे. सुरुवातीला बुजुर्ग नाराज होते. वास येणार नाही, याची हमी आम्ही पाच जणांनी घेतली. येत्या रमजानमध्ये पोते नालीकडे जाणार नाही. खालाच्या दारासमोर आम्ही याच खतावर एक लिंबाचे रोप लावले आहे. तिचा नातू त्याला पाणी घालतो.