लुला आणि तडजोडीचे राजकारण

कामगार पुढारी राज्यकर्ता झाला की तो एक तर आपल्या माणसांना विसरतो, नाही तर राज्य करणे त्याला साधत नाही, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. ब्राझीलच्या लुला दा सिल्वा यांना हे माप लागू पडत नाही. त्यांची कीर्ती संपांमुळे झाली; यश मात्र तडजोडीने दिले आणि बट्टाही तिनेच लावला, असे आमचे मत आहे.

साओ बर्नार्दोच्या धातुकामगार संघटनेचे अध्यक्षपद १९७५ मध्ये या लेथ-कारागिराकडे आले, तेव्हा देशात लष्करी राजवट होती. १९७९ च्या संपात फुटबॉलच्या मैदानावर हजारो कामगार जमले, ध्वनिक्षेपक नव्हता. लुला टेबलावर उभे राहून एकेक वाक्य बोलत आणि पुढच्या रांगा ते मागे पोहोचवीत. हे चित्र सर्वांस आठवते. परंतु त्याच संपात ४५ दिवसांची तहकुबी स्वीकारण्याचा सल्लाही त्यांनीच दिला आणि अनेकांचा रोष ओढवून घेतला. पुढच्या वर्षीचा संप ४१ दिवस चालून फसला, लुलांना ३१ दिवसांची कैद घडली. त्याच वर्षी मजूर पक्ष निघाला.

१९८९, १९९४ आणि १९९८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. (तीनदा हरलेला आपल्याकडील उमेदवार एव्हाना अध्यात्माकडे वळला असता.) २००२ मध्ये त्यांनी कर्जफेडीची व करारपालनाची जाहीर हमी दिली, एका कापड कारखानदाराला उपाध्यक्षपदासाठी जोडीला घेतले आणि ते जिंकले. मुलांना शाळेत धाडण्याच्या अटीवर गरीब कुटुंबांना पैसे देणारी त्यांची योजना कोणाही शिक्षकाला पटावी अशीच होती. पण ५१३ जणांच्या सभागृहात पक्षाचे ९१ च सभासद निवडून आले होते. तिथे मने वळविण्याऐवजी मते विकत घेतल्याचा आरोप २००५ मध्ये झाला आणि त्यांचे निकटचे सहकारी पुढे दोषी ठरले. वाटाघाट आणि सौदा यांतील रेषा येथे पुसली गेली, आणि ती पुसू देण्याची जबाबदारी लुलांना टाळता येणार नाही.

२०१८ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात ते तुरुंगात गेले व ५८० दिवस राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर शिक्षा रद्द केल्या व मूळ न्यायाधीशास पक्षपाती ठरविले. २०२२ मध्ये ५०.९ टक्के मते मिळवून लुला पुन्हा निवडून आले. या खेपेस उपाध्यक्षपदासाठी जोडीला होते जेराल्दो आल्कमिन, २००६ मध्ये लुलांनीच पराभूत केलेले प्रतिस्पर्धी. त्या मैदानावर तहकुबीसाठी हात वर करणाऱ्या जुन्या कामगारांना याचे फारसे नवल वाटले नसावे.