सोपाऱ्याची खाडी आणि तुळिंजचा गाळा

#थ्रेड

१/ नालासोपारा स्थानकात उतरून पश्चिमेला गेले की सोपारे गाव लागते. तेथे प्राचीन शूर्पारकाचा स्तूप आहे. पूर्वेला उतरले की तुळिंज लागते. तेथे चाळी, इमारती आणि भाड्याचे गाळे आहेत. इतिहासाचे वाचक पश्चिमेला जातात आणि पोटापाण्यामागे धावणारे पूर्वेला. वास्तविक दोन्हीकडचा व्यवहार एकच आहे: येथे हाताने तयार होणारा किंवा येथून जाणारा माल दूरच्या, न पाहिलेल्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे.

२/ या व्यवहाराला आज ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. ती ‘शाश्वत’ असावी, म्हणजे माणसे, पाणी आणि जमीन यांचा बळी न देता चालावी, असे कंपन्यांचे अहवाल सांगतात. त्यासाठी आधी जोखीम ओळखावी लागते. प्रश्न असा की जोखीम शोधायची कुठे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सोपाऱ्याइतकी चांगली जागा कोकणपट्टीत क्वचितच सापडेल.

३/ इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. लेखकाचे नाव आज कोणालाच माहीत नाही. भरुचनंतरच्या बंदरांत तो ‘सुप्पारा’ सांगतो आणि लगेच पुढे कल्याण. कल्याणविषयी त्याने दिलेली माहिती मात्र व्यापाऱ्याला घाम फोडणारी आहे. पूर्वी ती रीतसर बाजारपेठ होती, पण सत्ता बदलल्यावर तेथे अडथळे आले. चुकून तेथे लागलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भरुचला नेले जाई.

४/ हे जहाज लाल समुद्रातून निघालेले, मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून आलेले. वादळ, चाचे, खडक, सगळ्यांतून सुटलेले. आणि अडले कुठे, तर धक्क्याला लागताना, दोन सत्तांच्या भांडणात. जोखमीचा नकाशा काढणाऱ्याने महासागराला जेवढा लाल रंग लावला असता, त्याहून अधिक तो खाडीच्या तोंडाशी लावायला हवा होता.

५/ ज्या भरुचला ही जहाजे नेली जात, तेथील व्यवस्था मात्र पाहण्यासारखी. नर्मदेचे मुख अवघड. भरती एवढ्या वेगाने येई की नवख्या जहाजाचा निभाव लागणे कठीण. म्हणून राजाच्या नोकरीतले स्थानिक मच्छीमार मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत पुढे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत, ओढत, भरतीच्या वेळा सांभाळत बंदरात आणत. पेरिप्लसने त्या होड्यांची नावेसुद्धा नोंदवली आहेत: त्रप्पगा आणि कोटिम्बा.

६/ येथे थोडे थांबावे. बंदराच्या उलाढालीत त्या मच्छीमाराचा वाटा किती असेल? मिरी, सुती कापड, मद्य आणि सोन्यारूप्याची नाणी यांच्या हिशेबात तो मोजण्याइतकाही नसेल. तरी तो नसता तर जहाज वाळूत रुतले असते. राजाने त्याच्याकडून ‘मी भरती-ओहोटीचे सर्व नियम पाळतो’ असे लिहून घेतले नाही; त्याला पगारावर ठेवले.

७/ भरुचचा तो राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा जावई उषवदात. त्याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे. शाळेत तो ‘दानशूर’ म्हणून एका ओळीत संपतो. पण त्या दानांची यादी व्यापाराच्या वाटेवर मांडून वाचली की वेगळेच चित्र दिसते.

८/ भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग येथे त्याने विश्रामगृहे बांधली. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दहानुका या नद्यांवर फुकट तरीची सोय केली, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. दमण म्हणजे दमणगंगा, दहानुका म्हणजे डहाणूची नदी. भरुचहून सोपाऱ्याला येणाऱ्याला जेथे जेथे अडावे लागे, नेमक्या त्याच जागा.

९/ उषवदाताच्या मनात पुण्य होते, व्यापार नव्हे, असे कोणी म्हणेल. लेख पुण्याचाच आहे, हे खरे. पण पुण्यासाठी का होईना, खर्च पडला तो उताराच्या घाटावर आणि तहानलेल्या वाटसरूवर. तो सत्ताधाऱ्याने केला, नावाड्याच्या किंवा हमालाच्या माथी मारला नाही.

१०/ त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३००० कार्षापणांची ठेव आहे. ती गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधीच काढायचे नाही. व्याजाचा दर कमी असूनही एक तृतीयांश रक्कम वेगळ्या श्रेणीकडे का ठेवली, याचे कारण लेखात नाही. पण एक श्रेणी बुडाली तरी भिक्षू उघडे पडले नसते, एवढे उघड आहे.

११/ मग नहपानाची ही सारी व्यवस्था टिकली का? नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. सत्ता गेली, नाण्यावरचा चेहरा पुसला गेला. सोपारे मात्र चालत राहिले. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरला, तेव्हा अस्थिकरंडकासोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले.

१२/ दहाव्या आणि बाराव्या शतकांतले अरब लेखकही ‘सुबारा’ ओळखतात. पण १५३४ मध्ये पोर्तुगीज या भागाचे धनी झाले, तेव्हा त्यांनी किल्ला आणि शहर वसवले ते वसईला, मोठ्या खाडीच्या मुखाशी. सोपाऱ्याचे बंदर कोणत्या एका लढाईत पडले नाही. खाड्या गाळाने उथळ होत गेल्या आणि मोठी जहाजे दुसरीकडे वळली. गाळाची लढाई होत नाही, म्हणून तिची बखरही लिहिली जात नाही.

१३/ आता रूळ ओलांडून तुळिंजला यावे. बाँबे-बरोडा रेल्वेची विरारहून मुंबईला जाणारी गाडी एप्रिल १८६७ मध्ये सुरू झाली. वसईची केळी, पानवेली, फुले आणि भाजी त्या मार्गाने मुंबईला जाऊ लागली. खाडीची जागा रुळांनी घेतली. गेल्या काही दशकांत पूर्वेकडे त्याच रुळांच्या आधाराने गाळे वाढले. प्लास्टिकचे सुटे भाग, इमिटेशन दागिने, शिवणकाम, पॅकिंग. बरेचसे काम जॉबवर्कचे. माल टेम्पोतून येतो, नगावर दर ठरतो, काही भाग घरोघरी बायका जोडून देतात, आणि तयार वस्तू पुन्हा टेम्पोत चढते. ती पुढे कोणत्या दुकानात जाते हे करणाऱ्याला ठाऊक नसते. ती कोणी केली हे दुकानालाही ठाऊक नसते.

१४/ पावसाळ्यात या साखळीचे काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढले आणि वसई-विरार लोकल बंद पडली. तुळिंज रस्ता तर जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. तळमजल्याच्या गाळ्यात पाणी शिरले की यंत्र, माल आणि त्या आठवड्याची मजुरी, तिन्ही एकदम जातात. ज्या खाड्या-नाल्यांच्या गाळाने प्राचीन बंदर गिळले, त्यांनाच आज हे पाणी वाहून न्यायचे असते. आणि त्यांवर आता गाळाखेरीज भरावही आहे.

१५/ ही जोखीम कंपनीच्या अहवालात दिसते का? सेबीने पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला. त्यानंतर मूल्यसाखळीतील भागीदारांची माहितीही मागायचे ठरले. पण भागीदार कोण? सुधारित नियमानुसार, ज्याचा एकट्याचा वाटा कंपनीच्या खरेदी किंवा विक्रीच्या २ टक्के वा त्याहून अधिक आहे तो. शिवाय ही माहिती देणे आता ऐच्छिक आहे. युरोपीय संघानेही २०२४ मध्ये साखळीतील जबाबदारीचा कायदा केला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली.

१६/ २ टक्क्यांच्या या चाळणीत तुळिंजचा गाळा अडकणे शक्यच नाही. भरुचचा मच्छीमारही अडकला नसता. डहाणूच्या नदीवरचा नावाडीही नाही.

१७/ या मर्यादेच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे, तो टाळणे अप्रामाणिक ठरेल. चार माणसांच्या गाळ्याला शंभर प्रश्नांचे पत्रक भरायला लावले, तर मालक एक तर खोटे भरील किंवा काम सोडील. ज्याच्याकडे हिशेबनीस नाही, त्याच्याकडून कार्बनचा हिशेब मागणे हा क्रूर विनोद आहे. पण यावरून एवढेच सिद्ध होते की पत्रक भरण्याचा भार लहानावर नसावा. लहानाकडे पाहूच नये, हे त्यातून निघत नाही.

१८/ पत्रकावर किती विसंबावे, ते ढाक्याजवळच्या सावरमध्ये दिसले. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची तपासणी आधी झालेली होती. इमारत उभी राहील की नाही, हा त्या तपासणीचा विषयच नव्हता. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले ते कामगारांनी पाहिले होते. त्यांना विचारण्याची सोय कोणत्याही रकान्यात नव्हती.

१९/ म्हणून मोजमाप वाट्याचे नको, अडण्याचे आणि इजेचे हवे. हा दुवा तुटला तर काम किती दिवस थांबेल, आणि तो तुटताना कोणाला लागेल? या दोन प्रश्नांवर यादी केली, तर ती खरेदीच्या यादीपेक्षा पुष्कळ वेगळी होईल. तिच्यात मोठा पुरवठादार खाली जाईल आणि पाणी शिरणारा गाळा वर येईल. ही यादी करायला सल्लागार संस्था लागत नाही. टेम्पोचालकाला विचारले तरी तो जूनमध्ये कोणता रस्ता आधी बंद होतो ते सांगेल.

२०/ आणि खर्च? तो साखळीतून सर्वाधिक मिळवणाऱ्याने करावा. यंत्र ठेवायला उंच ओटा, पुराच्या आठवड्यातही मजुरी चालू राहील एवढी आगाऊ रक्कम, एकाच गाळ्यावर सारा भार न टाकता दोघांना काम, नालेसफाईसाठी महापालिकेमागे लागण्याची तसदी. अहवाल छापण्याच्या खर्चापुढे यातले काहीही अवाढव्य नाही. नगामागे दर पाडून घ्यायचा आणि वर शाश्वततेचे हमीपत्रही त्याच माणसाकडून सही करून घ्यायचे, हा मात्र जोखीम खाली ढकलण्याचा प्रकार झाला.

२१/ भगवानलालांना सापडलेला करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. स्तूप सोपाऱ्यात आहे. सहज जाऊन पाहता येतो. जाणाऱ्याने परतताना पूल ओलांडून तुळिंज रस्त्यावरूनही एक फेरी मारावी, शक्यतो जुलैत. गाळ्यांच्या दारांत मागच्या पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आहे, तेवढे पाहावे.