लपवलेलं पत्र

मैत्रिणींनो, घर फोडणारा माणूस आरडाओरडा करीत येत नाही. तो हळू बोलतो, आपल्या भल्याचं बोलतो, आणि पुष्कळदा घरातलाच असतो. त्याला ओळखायचं कसं, याचा धडा शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या शोकांतिकेत मिळतो. २६ डिसेंबर १६०६ रोजी इंग्लंडच्या राजदरबारात या नाटकाचा प्रयोग झाला होता. पण त्यातल्या युक्त्या अजून जुन्या झालेल्या नाहीत!

लिअर राजाची गोष्ट बऱ्याचजणींना ठाऊक असेल. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, माझ्यावर जास्त प्रेम कुणाचं? गॉनरिल आणि रीगन या थोरल्या दोघी तोंड भरून गोड बोलतात नि राज्य वाटून घेतात. धाकटी कॉर्डेलिया खरं तेवढंच बोलते आणि रिकाम्या हातांनी फ्रान्सच्या राजाबरोबर निघून जाते. लिअरने स्वतःपाशी शंभर स्वार ठेवलेले असतात. थोरली म्हणते पन्नास पुरेत, मधली म्हणते पंचवीस, आणि शेवटी एक तरी हवा कशाला, इथवर गोष्ट येते. भर वादळात म्हातारा उघड्यावर पडतो.

याच नाटकात आणखी एक घर आहे, ते ग्लॉस्टर या उमरावाचं. त्याला दोन मुलगे. एडगर औरस, म्हणून वारसा त्याचा. एडमंड अनौरस, त्याला जमीन हवी. तो भावाच्या नावाने खोटं पत्र तयार करतो. बाप जाण्याची वाट कशाला पाहायची, मिळकत दोघं वाटून घेऊ, अशा मतलबाचं. आता त्याची हुशारी पाहा. ते पत्र तो बापाला दाखवायला नेत नाही. बाप दिसताच घाईघाईने खिशात दडवतो! मग बापच हट्टाने मागून घेतो. वर एडमंड भावाची बाजूही घेतो. माझी परीक्षा पाहायला लिहिलं असेल, म्हणतो. तिकडे एडगरला बजावतो, बाबा फार संतापलेत, त्यांच्यासमोर जाऊ नकोस.

झालं! एडगर परागंदा होतो. पुढे हाच एडमंड बापाचं गुपित शत्रूला विकून त्याची उमरावकी मिळवतो, आणि बापाचे डोळे काढले जातात. एडगरला एकदा समोर बसवून विचारलं असतं, तर कपट तिथल्या तिथे उघडं पडलं असतं. पण 'आधी त्याला बोलवा तर खरं' असं म्हणणारं त्या घरात कुणी नव्हतं. दोन्ही घरांतली आई नाटकात कुठे दिसतच नाही.

आपल्याकडे पत्राच्या जागी निरोप येतो, नाही तर फोन. 'सांगणार नव्हते हो, पण तुम्ही विचारलंत म्हणून...' अशी सुरुवात झाली की सावध व्हा. हे ऐकून मी वागले, तर पदरात कुणाच्या काय पडेल, हे मनाशी तपासा. मग ज्याच्याविषयी ऐकलं, त्याच्याशी थेट बोला. मधल्या माणसाकरवी नव्हे. दीर असो, जाऊ असो की नणंद, तोवर मनात अढी धरू नका.

आणि वाटणीचं म्हणाल, तर कौतुकाच्या भरात सही करू नये. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट' (१९७०) मधल्या अप्पासाहेब बेलवलकरांनी सगळं मुलांना देऊन टाकलं, आणि पुढे काय झालं ते आपण जाणतोच. सासूसासरे किंवा आईवडील साठीपुढचे असतील आणि घर मुलांच्या नावे करणार असतील, तर आम्हाला सांभाळायचं, ही अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यायला सांगा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. अट मोडली, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. मुलं चांगली असली, तर त्या ओळीने त्यांचं काहीच बिघडत नाही.