दुकानात येणारे अनोळखी हात आणि आपली जकात

रमजान लागला की दुकानासमोर मागणाऱ्यांची रीघ लागते. कोणाकडे मदरशाचे पावतीपुस्तक, कोणाकडे इस्पितळाचा कागद. आता तर मोबाईलवर क्यूआर कोड दाखविणारेही येतात. गिऱ्हाईक समोर उभे असते, बोलायला सवड नसते. दुकानदार १०-२० रुपये देऊन मोकळा होतो आणि रात्री ती रक्कम जकातीच्या हिशोबात मांडतो. आमचा आक्षेप या मांडण्याला आहे.

अनोळखी माणसाला १० रुपये जरूर द्यावेत, चारचौघांत त्याची उलटतपासणी करू नये. पण तो सदका झाला. जकात म्हणजे गल्ल्यातली सुटी नाणी नव्हेत. शेकडा २.५ रुपये हा दुसऱ्याचा हक्क आहे आणि कुराणाने त्याचे ८ हकदार ठरवून दिले आहेत. हनफी मतानुसार चौकशी करून दिलेली जकात, घेणारा हकदार नव्हता असे मागाहून कळले तरी अदा होते. काहीच न पाहता दिली आणि तसे निघाले, तर पुन्हा द्यावी लागते. (शाफई बंधूंनी आपल्या उलमांना विचारावे.) माल उधार देताना आपण चार ठिकाणी विचारतो. इथे मात्र पावतीवर शिक्का दिसला की पुरे!

रुग्णाचा कागद असेल तर रोख हातात न देता इस्पितळात जाऊन बिलात भरावी. नातेवाइकाला एक गोष्ट अवश्य सांगावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय इस्पितळांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ही माहिती ५०० च्या नोटेहून मोठी मदत ठरू शकते.

जे मागतच नाहीत, त्यांचे काय? त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात, असे सूरह बकरात म्हटले आहे. असा माणूस बहुधा आपल्याच मागावर, आपल्याच भट्टीवर बसलेला असतो. भिवंडी-मालेगावच्या कारखानदारांनी आधी तिथे पाहावे. मात्र मजुरी किंवा बोनसच्या बदल्यात जकात देता येत नाही. त्याची उचल वहीतून खोडून ती जकात धरणेही बहुतेक उलमांना मान्य नाही. रक्कम त्याच्या हातात पडली पाहिजे. मग त्याने तिच्यातून उचल फेडायची की मुलीची फी भरायची, ते त्याचे तो ठरवील.