ग्रहांचे खडे आणि सुशिक्षितांचीं बोटें

अलीकडे सुशिक्षित मंडळींच्या बोटांकडे सहज दृष्टि टाकली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. ज्यांनीं पदवीपरीक्षेला पदार्थविज्ञान घेतलें होतें, जे नवसासायासांची थट्टा करतात, ज्यांच्या घरीं अंगारा-धुपारा वर्ज्य आहे, त्यांच्याच तर्जनींत पुष्कराज आणि मधल्या बोटांत नीलम चमकत असतो. विचारलें तर उत्तरें दोन, आणि तीं ठरलेलीं. एक, ही आपल्या पूर्वजांची प्राचीन विद्या आहे; दुसरें, यांत 'शास्त्र' आहे, खड्यांतून ग्रहांचे किरण शरीरांत जातात. अडाण्याची भाबडी श्रद्धा क्षम्य म्हणतां येईल. परंतु जी श्रद्धा इतिहासाचें व शास्त्राचें नांव सांगत पुढें येते, तिची त्या दोन्ही न्यायासनांपुढें तपासणी होणें प्राप्त आहे.

प्रथम प्राचीनत्वाचें पाहूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराहून फलज्योतिषांत मोठा अधिकारी कोण? त्याच्या बृहत्संहितेंत रत्नपरीक्षा आहे. हिरा, मोती, माणिक व पाचू या चार रत्नांचें तेथें सविस्तर वर्णन असून, सुलक्षणी रत्न राजाला शुभ व सदोष रत्न अशुभ, असेंहि म्हटलें आहे. पण अमुक ग्रह बिघडला म्हणजे अमुक खडा अमुक बोटांत घालावा, ही आजची नऊ खड्यांची कोष्टकवजा योजना त्या प्रकरणांत नाहीं. बृहज्जातकांत ग्रहांचीं द्रव्यें सांगतांना तर तो मोती शुक्राला देतो! आजचे जोतिषी तोच मोती चंद्राला देतात आणि शुक्राच्या नांवानें हिरा घ्यावयास सांगतात. परंपरेचा अभिमान धरणारांनीं परंपरेचा मुख्य ग्रंथ एकदां उघडून पाहावयास काय हरकत होती?

पाश्चात्यांकडील राशिरत्नांची हकीकत याहून मौजेची आहे. ती येथें अप्रस्तुतहि नाहीं. कारण हल्लीं आपल्याकडील जवाहिऱ्यांच्या जाहिरातींत इंग्रजी महिन्यांचीं 'जन्मरत्नें' आणि आपल्या राशी एकाच पानावर सुखानें नांदतात. यहुदी मुख्य धर्मगुरूच्या ऊरपट्ट्यावर बारा खडे असत, असें बायबलांत वर्णन आहे. पहिल्या शतकांत जोसिफस या इतिहासकारानें त्यांचा संबंध बारा महिन्यांशीं वा बारा राशींशीं लावला. पुढें देशोदेशीं निरनिराळ्या याद्या चालत राहिल्या. हा घोंटाळा मिटविला तो कोणा द्रष्ट्यानें नव्हे. १९१२ सालीं अमेरिकेंतील किरकोळ जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघानें कॅन्सस शहरीं सभा भरवून यादी मुक्रर केली. १९५२ सालीं तींत दुरुस्ती झाली, तीहि व्यापाऱ्यांनींच केली. टांझानाइट नांवाचा निळा खडा टांझानियांत १९६७ सालीं सांपडला आणि २००२ सालीं त्याला डिसेंबरच्या रकान्यांत जागा मिळाली. तोंपर्यंत डिसेंबरांत जन्मलेल्यांचे ग्रह या खड्याची वाट पाहात ताटकळत बसले होते, असें समजावयाचें काय?

आतां शास्त्राकडे वळूं. राहु व केतु हे कोणी गोल नव्हेत. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला ज्या दोन ठिकाणीं छेदते ते ते बिंदु होत, आणि ही गोष्ट प्रत्येक पंचांगकर्त्यास ठाऊक असते. बिंदूला किरण कोठले? तरीहि गोमेद राहूचे आणि लसण्या केतूचे किरण ओढून घेतो म्हणे! ज्या ग्रहांना पिंड आहे त्यांचीहि गत बरी नाहीं. माणिक आणि नीलम हे रसायनदृष्ट्या एकच. दोन्ही कुरुविंद, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा संयोग. क्रोमियमचा अल्प अंश मिसळला कीं तांबडें माणिक होतें; लोह व टायटॅनियम यांचा लेश असला कीं निळा नीलम होतो. गुरूसाठीं पुष्कराज म्हणून आज बहुधा जो पिवळा खडा देतात, तोहि याच जातीचा. सूर्य व शनि हे पुराणांत पितापुत्र असले तरी जोतिषांत त्यांचें हाडवैर. म्हणून माणिक व नीलम एका वेळीं घालूं नयेत असा कडक निर्बंध. आणि खडे पाहावे तर सख्खे भाऊ! चंद्राचा मोती व मंगळाचें पोंवळें यांचेंहि मुख्य द्रव्य एकच, शिंपल्यांत असतें तेंच कॅल्शियम कार्बोनेट. उलट, नीलम ज्याला परवडत नाहीं त्याला 'उपरत्न' म्हणून अ‍ॅमेथिस्ट सांगतात. हा जांभळा खडा गारगोटीच्या जातीचा. शनीचा म्हणावयास त्याचा रंग तेवढा नीलमाच्या जवळपास. बरें, रंगच काम करतो म्हणावें, तर निळी कांच कां चालूं नये? १९०२ सालीं व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनज्ञानें ज्वालेंत पूड वितळवून माणिक करण्याची रीत प्रसिद्ध केली. या माणकाचें द्रव्य, रंग, काठिण्य, सर्व खाणींतल्या माणकाचेंच. पण तें सूर्याला चालत नाहीं! द्रव्य नव्हे, रंग नव्हे, दोन्ही मिळूनहि नव्हेत. मग उरली ती किंमत.

खडा ठरतो राशीच्या किंवा लग्नाच्या स्वामीवरून. पण रास तरी निश्चित कोठें आहे? पाश्चात्यांची सायन सूर्यरास व आपली निरयन चंद्ररास यांचा मेळ नाहीं, हें सोडून देऊं. टिळक पंचांगाचा रैवतपक्ष आणि इतर पंचांगांचा चित्रापक्ष यांच्या अयनांशांतच सुमारें चार अंशांचें अंतर आहे, आणि रास अवघी तीस अंशांची. सीमेजवळ चंद्र असलेलें मूल एका पंचांगानें मेषेचें, तर दुसऱ्यानें वृषभेचें. एकानें पोंवळें, दुसऱ्यानें हिरा. या वादाचा निकाल मी येथें करीत नाहीं. अंगठी करविणाऱ्यानें तो वाद बहुधा ऐकलेलाहि नसतो, एवढेंच सांगतों.

"असेना का खोटें, मनाला धीर तर येतो," असें शेवटचें समर्थन पुष्कळ सज्जन करतात. आधीं साडेसातीचें भय घालावयाचें आणि मग त्या भयावर उतारा विकावयाचा, याला धीर देणें म्हणत नाहींत. घरांत दुखणें, मुलीचें लग्न लांबलेलें, मुलाची नोकरी गेलेली, अशा वेळींच ही अंगठी घरांत येते, आणि पुष्कळदां घरच्या बाईच्या पाटल्या मोडून येते. गुण आला तर तो खड्याचा; न आला तर खडा सदोष होता, वजन कमी पडलें, मुहूर्त चुकला. मग दुसरा, मोठा खडा. मधल्या काळांत डॉक्टरकडे जावयाचें तेवढें राहून जातें, तें कोणाच्याच खात्यावर मांडलें जात नाहीं.

चांगल्या खड्याबरोबर परीक्षाशाळेचा दाखला मिळतो. वजन किती, वक्रीभवनांक किती, तापवून रंग सुधारला आहे कीं काय, हें त्यांत लिहिलेलें असतें. ग्रहाचा रकाना मात्र नसतो. वर्षभरानें तोच खडा विकावयास नेला तर जवाहिऱ्या त्या दाखल्यावरूनच भाव सांगतो, आणि तो भाव बहुधा घेतल्या किंमतीहून बराच कमी असतो. शनि प्रसन्न झाला कीं नाहीं, याची चौकशी तो करीत नाहीं.