सभाधीटपणा

घरांतील वादांत कोणास हार न जाणारी माणसें सभेंत उभीं राहतांच घाम पुसूं लागतात, हें आम्ही नेहमीं पाहतों. नुसतीं व्याख्यानें ऐकून वक्तृत्व येत नाहीं. तें बोलूनच येतें. सन १९२४ मध्यें राल्फ स्मेडली यांनीं कॅलिफोर्नियांतील सांता ॲना येथें काढलेल्या टोस्टमास्टर्स मंडळाची रीत हीच. सभासदानें सामान्यतः पांच ते सात मिनिटें बोलावें. एकानें घड्याळ पाहावें, एकानें ‘अं’, ‘म्हणजे’ असे भरतीचे शब्द मोजावे, एकानें गुणदोष सांगावे. अशीं मंडळें पुण्यामुंबईंतहि आहेत. वडीलधाऱ्यांपुढें बोलण्याची संधीच ज्यांस मिळत नाहीं, त्या सुनामुलींनीं तेथें अवश्य जावें. त्या परत आल्यावर आम्ही वडील मंडळींनीं सात मिनिटें निमूट ऐकून घेतलें, तर त्यांची अर्धी भीड घरींच मोडेल.